पॅनेलच्या सगळ्याच पेशी पॉझिटिव्ह येतात तेव्हा काय तपासावे

लाल पेशींविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) ओळखण्याच्या कामात आमच्या रक्तपेढीचा सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण एकच आहे आणि ती महिन्या-दोन महिन्यांनी हटकून पुन्हा समोर येते. रुग्णाचे अँटिबॉडी स्क्रीनिंग पॉझिटिव्ह येते, म्हणून अकरा पेशींचे पॅनेल, म्हणजे ज्यांच्यावरचे प्रतिजन (पेशीवरच्या ओळखीच्या खुणा) आधीच माहीत आहेत अशा अकरा दात्यांच्या लाल पेशींचा संच, लावले जाते आणि पॅनेलच्या सगळ्या, किंवा एखादी सोडून सगळ्या, पेशी पॉझिटिव्ह येतात. तक्त्यावर पेन्सिलीने एकेक प्रतिजन बाद करू म्हटले तर एकही बाद होत नाही. फ्रिजमधून काढलेली प्रत्येक पिशवी क्रॉसमॅचला, म्हणजे रुग्णाचे रक्तद्रव (प्लाझ्मा) दात्याच्या पेशींशी जुळवून पाहताना, इनकम्पॅटिबल ठरते आणि तोवर वॉर्डातून तिसरा फोन आलेला असतो. सोलापुरात पंढरपूर, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट येथून आणि सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गी भागातूनही रुग्ण येतात. त्यांना यापूर्वी कोठे, केव्हा आणि किती रक्त चढले, हे नातेवाइकांनाही बहुधा नीट सांगता येत नाही.

अशा वेळी हात आपोआप दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलकडे जातो. तो आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे पॅनेल म्हणजे आणखी अकरा पॉझिटिव्ह पेशी आणि संपत आलेले सॅम्पल, एवढेच बहुतेक वेळा हाती लागते. या कोड्याचे उत्तर बहुधा तक्त्याबाहेर असते : ऑटोकंट्रोलमध्ये (रुग्णाचेच रक्तद्रव त्याच्याच पेशींवर लावलेल्या चाचणीत), सॅम्पल आपल्यापर्यंत कसे पोचले यात, आणि रुग्णाच्या फाइलमध्ये. कोणत्या क्रमाने पाहावे, ते आमच्या अनुभवावरून पुढे लिहीत आहे.

अडचण रुग्णाची की आपली

दोष रुग्णाच्या रक्तद्रवात आहे की आपल्या टेबलावर, हे सर्वांत आधी ठरवावे. त्यासाठी त्याच जेल कार्डावर (जेल भरलेल्या बारीक नळ्यांची, म्हणजे मायक्रोट्यूबची, पट्टी; गोळा झालेल्या पेशी जेलमध्ये अडकतात, सुट्या पेशी तळाला बसतात), चाचणीच्या त्याच तयार पेशींबरोबर दोन जादा मायक्रोट्यूब लावाव्यात. एकीत रक्तद्रवाऐवजी २५ मायक्रोलिटर डायल्युएंट (पेशी पातळ करण्याचे द्रावण) घालावे आणि दुसरीत, आधी निगेटिव्ह ठरलेल्या एखाद्या दात्याचे रक्तद्रव घालावे. या दोहोंपैकी कोणतीही पॉझिटिव्ह आली, तर रुग्णाचा विचार तेवढ्यापुरता बाजूला ठेवून आपली कार्डे, पेशी आणि सेंट्रिफ्यूज तपासायला घ्यावे.

एका मे महिन्यात आमच्याकडे एकाच आठवड्यात चार रुग्णांचे स्क्रीनिंग पुसट पॉझिटिव्ह आले. चौघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एक बाळंतीण होती, एक मूत्रपिंडाचा रुग्ण होता आणि दोघे अपघातातले होते. ग्रेड, म्हणजे अर्ध्यापासून ४+ पर्यंत मोजला जाणारा प्रतिक्रियेचा जोर, सगळीकडे सारखीच, अर्धा ते १+, आणि ऑटोकंट्रोलही तसाच. चौथ्या सॅम्पलच्या वेळी आमच्या तंत्रज्ञ बाईंनी न वापरलेले एक कार्ड ट्यूबलाइटसमोर तिरपे धरले, तेव्हा फॉइलच्या खालच्या अंगाला बारीक थेंब दिसले; झाकण ठेवलेल्या पातेल्याला आतून वाफ धरते तसे. ही कार्डे १८ ते २५ अंशांत ठेवायची असतात. ती ज्या खोलीत होती तिथला एसी रात्री बंद होत असे आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून गेला, की बंद खोली पहाटेपर्यंत निवत नाही. जेलमधले पाणी उडून फॉइलला लागले होते, जेल आक्रसला होता आणि पेशी तळाला न जाता वाटेतच रेंगाळत होत्या. नुसते डायल्युएंट घातलेली मायक्रोट्यूबही पॉझिटिव्ह आल्यावर शंकेला जागाच उरली नाही. ते खोके बाद करून नव्या कार्डांवर चाचण्या लावल्या आणि चौघेही निगेटिव्ह निघाले. आता त्या कपाटात किमान आणि कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर ठेवला आहे आणि सकाळी पहिल्यांदा येणारा माणूस त्याचा आकडा लिहून ठेवतो.

टेबलावरची बाकीची कारणे याहून साधी आहेत. पेशींचे द्रावण दाट झाले असेल, तर पेशी पूर्णपणे तळाला बसत नाहीत आणि मागे रेघ सोडतात. १ मिलिलिटर डायल्युएंटमध्ये १० मायक्रोलिटर पॅक्ड पेशी घातल्या की ०.८ टक्क्यांच्या आसपासचे द्रावण मिळते. ते नजरेच्या अंदाजाने करण्याची सवय मोडावी लागते. साध्या नळीतले रक्त पुरते गोठण्याआधी सिरम काढले, तर फायब्रिनचे धागे जेलच्या माथ्यावर पेशी अडकवून ठेवतात आणि वर बारीक रेघ, खाली गोळी असे मिश्र चित्र दिसते. ते पाहून रुग्णाला नुकतेच रक्त चढले असावे, अशी भलतीच समजूत होते. इडीटीए (रक्त गोठू न देणारे द्रव्य) घातलेल्या नळीतले रक्तद्रव पुन्हा एकदा फिरवून वापरले की हा भ्रम जातो. पॅनेलच्या बाटल्या हलवण्याआधी वरच्या द्रवाचा रंगही पाहून घ्यावा. तो लालसर झाला असेल, तर तारीख उलटलेली नसली तरी त्या पेशींवर भरवसा ठेवू नये.

कार्डावर संशय आला की पुष्कळ जण तेच सॅम्पल नळीच्या पद्धतीने लावून पाहतात. नळीत निगेटिव्ह आले की सुटल्यासारखे वाटते, पण हे समाधान फसवे असू शकते. कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी १९४५ मध्ये अँटिह्यूमन ग्लोब्युलिनची, म्हणजे पेशींवर बसलेले प्रतिपिंड उघड करणारी कूम्ब्स चाचणी मांडली, आणि नळीतल्या चाचणीची कच्ची बाजू आजही तीच आहे. धुण्यात कसर राहिली तर पेशींभोवती उरलेले रुग्णाचे प्रथिन कूम्ब्सचे अभिकर्मक निकामी करते आणि खरी प्रतिक्रियाही निगेटिव्ह दिसते. म्हणून निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक नळीत चेक सेल (आधीच प्रतिपिंड बसवलेल्या पेशी) घालावेत. ते गोळा झाले नाहीत, तर तो निकाल नोंदवूच नये.

ऑटोकंट्रोल पॉझिटिव्ह असेल तर

दोष आपला नाही हे ठरले, की तक्त्याच्या शेवटच्या ओळीकडे, म्हणजे ऑटोकंट्रोलकडे पाहावे. ती ओळ रिकामी सोडलेले तक्ते मी इतके पाहिले आहेत, की आता पॅनेल हातात आले की आधी तीच वाचतो. ऑटोकंट्रोल पॉझिटिव्ह असला तर रुग्णाचे प्रतिपिंड त्याच्या स्वतःच्याच पेशींना धरत आहे, किंवा गेल्या काही दिवसांत चढवलेल्या परक्या पेशींना धरत आहे, किंवा एखादे औषध मध्ये आले आहे. लगेच डायरेक्ट कूम्ब्स (रुग्णाच्या पेशींवर आधीच काही बसले आहे का, हे पाहणारी चाचणी) करावी आणि ती पॉझिटिव्ह आली तर आयजी-जी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) आणि सी-३-डी (कॉम्प्लिमेंट या प्रथिनाचा अंश) यांसाठी वेगवेगळी करावी. निव्वळ सी-३-डी आले तर आधी थंड (थंडाव्यात पेशींना धरणाऱ्या) प्रतिपिंडांचा विचार करावा. आयजी-जी आले तर उष्ण (शरीराच्या तापमानाला धरणाऱ्या) प्रतिपिंडांचा किंवा औषधाचा. मात्र गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलेले असेल आणि प्रतिक्रिया मिश्र दिसत असेल, तर उशिरा होणारी हिमोलिटिक (चढवलेल्या पेशी फुटण्याची) प्रतिक्रिया मनात धरून इल्यूशन करावे, म्हणजे पेशींवरचे प्रतिपिंड सोडवून तपासावे, कारण अशा वेळी रक्तद्रवात न दिसणारे प्रतिपिंड पेशींवर बसलेले सापडते.

थंड प्रतिपिंडांचा त्रास आमच्याकडे थंडीत होत असेल, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात तो उन्हाळ्यात जास्त होतो. त्याचे कारण पहिल्यांदा कळले ते एका एप्रिलमध्ये, अक्कलकोटच्या बाजूने मोटारसायकलवरून सॅम्पल घेऊन आलेल्या एका गृहस्थांमुळे. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, डब्यातून बर्फाचे तुकडे काढले आणि तळाची नळी आमच्यापुढे ठेवून म्हणाले, “गरमीत खराब हुईल म्हणून बर्फात घालून आणलंय बघा.” नळी तिरकी केली, तर काचेवरून रक्ताचा पातळ थर ओघळण्याऐवजी रव्यासारखे दाणे सरकत होते. पुढे गट लावताना फॉरवर्ड (पेशींवरून) आणि रिव्हर्स (रक्तद्रवावरून) निकाल जुळेनात, ऑटोकंट्रोल २+ आणि पॅनेलच्या अकराही पेशी १+ ते २+ आल्या. नळी ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये पंधरा मिनिटे ठेवली आणि दाणे विरघळले. रक्तद्रव गरम असतानाच वेगळे केले, रुग्णाच्या पेशी ३७ अंशांच्या सलाइनने चार वेळा धुतल्या. त्यानंतर गट जुळला आणि ऑटोकंट्रोल निगेटिव्ह झाला.

जेलमध्ये पेशी आणि रक्तद्रव एकत्र येतात ते इनक्युबेटरमध्ये नव्हे, तर एसीच्या खोलीत, बावीस-तेवीस अंशांवर. तेवढ्या अवधीत थंड आयजी-एम प्रतिपिंड पेशींना धरून बसते आणि पुढे इनक्युबेटरमधल्या पंधरा मिनिटांत ते नेहमीच पूर्ण सुटते असे नाही. म्हणून संशय असेल तेव्हा कार्ड, पेशी आणि रक्तद्रव तिन्ही आधी वेगवेगळे ३७ अंशांवर आणून मगच एकत्र करावे. प्रीवॉर्मची ही रीत उपयोगी खरी, परंतु तिच्यावर माझा मर्यादितच विश्वास आहे. कोणतीही नकोशी प्रतिक्रिया घालवण्यासाठी ती सरसकट वापरली, तर दुबळे पण महत्त्वाचे प्रतिपिंडही तिच्यात पुसले जाते. त्याच रक्तद्रवाची प्रतिक्रिया ४ अंश, खोलीचे तापमान आणि ३७ अंश अशा तीन ठिकाणी पाहून, थंडाव्याबरोबर ती वाढते हे कागदावर आल्यावरच प्रीवॉर्मकडे वळावे. प्रसूती विभागातून नाळेच्या रक्ताच्या पेशी मिळत असतील तर त्याही लावाव्यात. मोठ्यांच्या पेशींशी जोरदार आणि नाळेच्या पेशींशी नगण्य प्रतिक्रिया आली, तर प्रतिपिंड अँटी-आय (मोठ्यांच्या पेशींवर असणाऱ्या आय प्रतिजनाविरुद्धचे) असण्याची शक्यता बळावते. रुग्णाला मायकोप्लाझ्माचा न्यूमोनिया झालेला असेल, तर हे चित्र अपेक्षितच आहे.

उष्ण ऑटोअँटिबॉडी हा याहून अवघड मामला आहे. ती सगळ्या पेशींना सारखीच धरते आणि तिच्या आड आधीच्या रक्तसंक्रमणातून किंवा गर्भारपणातून तयार झालेले खरे धोकादायक प्रतिपिंड लपून राहू शकते. शोधायचे असते ते हे लपलेले. ऑटोअँटिबॉडीचा लक्ष्य-प्रतिजन कोणता, हे ठरवण्यात वेळ घालवून रुग्णाच्या पिशवीच्या निवडीत क्वचितच फरक पडतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलेले नसेल, तर रुग्णाच्याच पेशी घेऊन, त्यांवरचे प्रतिपिंड काढून आणि त्या एन्झाइमने तयार करून, त्यांच्याकडून रक्तद्रवातले ऑटोअँटिबॉडी शोषून घ्यावे, म्हणजे ऑटोअ‍ॅडसॉर्प्शन करावे. एका फेरीत ते सहसा संपत नाही. दोन-तीन फेऱ्या लागतात. रक्त चढलेले असेल तर मात्र हा मार्ग बंद, कारण रुग्णाच्या नळीत दात्याच्याही पेशी असतात आणि त्या आपल्याला हवे असलेले प्रतिपिंडच शोषून नेतात. अशा वेळी आरएच प्रतिजनांच्या आर१आर१, आर२आर२ आणि आरआर अशा तीन जातींच्या पेशींवर वेगवेगळे शोषण करावे लागते, त्याही अशा, की त्यांतली निदान एक किड या रक्तगटाच्या जेके-ए प्रतिजनाला निगेटिव्ह आणि एक जेके-बी ला निगेटिव्ह असेल. जिल्ह्याच्या रक्तपेढीत हे दररोज जमणारे नाही. जमणारे आणि न चुकवण्याजोगे काम वेगळे आहे : पहिली पिशवी चढण्यापूर्वीच रुग्णाचा आरएच आणि केल फेनोटाइप (या गटांचे कोणते प्रतिजन पेशींवर आहेत याची तपासणी) करून ठेवणे आणि शक्य तितक्या जुळणाऱ्या पिशव्या देणे.

फाइलमध्ये औषधांचे पान शोधावे. गर्भारपणात रक्तदाबासाठी मिथाइलडोपा आजही दिले जाते आणि ते महिनोन्महिने घेतल्यावर काही स्त्रियांची डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह होते. बहुतेकींच्या पेशी फुटत नाहीत, पण आपले पॅनेल मात्र बिघडलेले दिसू शकते.

अलीकडे भर पडली आहे ती डाराटुमुमॅबची. मल्टिपल मायलोमाचे हे औषध लाल पेशींवर अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या सीडी-३८ या रेणूला चिकटते, त्यामुळे रुग्णाचे रक्तद्रव कूम्ब्सच्या टप्प्यावर सगळ्याच पेशींशी १+ ते २+ अशी प्रतिक्रिया देते. ऑटोकंट्रोल कधी पुसट पॉझिटिव्ह असतो, कधी निगेटिव्ह. आमच्याकडचे रुग्ण उपचार पुणे, मुंबई किंवा हैदराबादला घेतात आणि रक्त चढवायला गावी येतात. सोबतच्या कागदावर “केमो चालू” एवढेच लिहिलेले असते. मायलोमा हा शब्द दिसला, की उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून औषधाचे नाव विचारावे. शेवटच्या मात्रेनंतर सहा महिन्यांपर्यंत हा परिणाम टिकू शकतो, म्हणून “आता औषध बंद आहे” या उत्तरावर थांबू नये. पॅनेलच्या पेशी डीटीटी या रसायनाच्या ०.२ मोलर द्रावणात ३७ अंशांवर अर्धा तास ठेवल्या की त्यांच्यावरचा सीडी-३८ मोडतो आणि पॅनेल स्वच्छ होते. सोबत एक के-पॉझिटिव्ह (केल गटाचा के प्रतिजन असलेली) पेशी कंट्रोल म्हणून ठेवावी. ती अँटी-के बरोबर निगेटिव्ह झाली तरच डीटीटीने काम केले असे समजावे. डीटीटी केल गटाचे प्रतिजनही नष्ट करत असल्याने अँटी-के आहे की नाही हे या पॅनेलवरून कळत नाही आणि म्हणून पिशवी के-निगेटिव्हच द्यावी. औषध सुरू होण्यापूर्वी रुग्णाचा फेनोटाइप झालेला असेल, तर एवढ्या खटाटोपातला निम्मा वाचतो.

मायलोमातच रक्तातील प्रथिने वाढल्याने पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात. नळीत हे दिसले तर रक्तद्रवाची सलाइनने बदली करावी. चळती मोडतात, खरे गोळे राहतात.

ऑटोकंट्रोल निगेटिव्ह असेल तर

येथे प्रतिक्रियांच्या जोराकडे पाहावे. सगळ्या पेशी एकसारख्या जोराने पॉझिटिव्ह असतील तर बहुतेक सर्वांच्या पेशींवर असणाऱ्या एखाद्या प्रतिजनाविरुद्धचे एकच प्रतिपिंड संभवते. जोर कमी-जास्त असेल तर एकापेक्षा जास्त प्रतिपिंडे एकमेकांवर चढलेली असतात आणि हीच परिस्थिती आमच्याकडे अधिक वेळा येते.

मंगळवेढ्याकडच्या एका बाईंचे उदाहरण देतो. मांडीच्या हाडाचे ऑपरेशन ठरले होते, तीन बाळंतपणे झालेली, तिसऱ्या वेळी रक्त चढलेले. ती गोष्टही बरीच जुनी. पॅनेलवर क्रमांक ४ ते ११ या पेशी २+ ते ३+ होत्या. क्रमांक १ ही १+, क्रमांक २ इतकी पुसट की एकाने निगेटिव्ह म्हटली आणि दुसऱ्याने अर्धा प्लस, आणि क्रमांक ३ पूर्ण निगेटिव्ह. ऑटोकंट्रोल निगेटिव्ह. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने “सर्व पेशींशी प्रतिक्रिया, पॅटर्न नाही” असे लिहून ठेवले होते. पण पहिल्या तिन्ही पेशी आर१आर१ होत्या, म्हणजे त्यांवर लहान सी (c) हा आरएच प्रतिजन नव्हता. उरलेल्या आठांवर होता. त्यामुळे त्या आठांचा खुलासा अँटी-लहान-सी ने होत होता. राहिली १ आणि २ यांची कुरकुर. किडच्या रकान्यात पाहिले तर क्रमांक १ जेके-ए दुहेरी मात्रेची (आई-वडील दोघांकडून हा प्रतिजन मिळालेल्या दात्याची), क्रमांक २ एकेरी मात्रेची आणि क्रमांक ३ जेके-ए निगेटिव्ह होती. अँटी-जेके-ए मात्रेला फार संवेदनशील असते. दुहेरी मात्रेच्या पेशीवर १+ आणि एकेरीवर जेमतेम, ही तिची ठरलेली चाल आहे.

संशय आल्यावर पॅनेलच्या पेशी पपेन या एन्झाइमने तयार करून लावल्या. पपेन आरएच आणि किडच्या प्रतिक्रिया वाढवते आणि डफी, एम, एन यांचे प्रतिजन नष्ट करते. आठ पेशी ४+ झाल्या, क्रमांक १ चा निकाल ३+ झाला आणि वादातल्या क्रमांक २ ची प्रतिक्रिया सरळ २+ आली. क्रमांक ३ तशीच निगेटिव्ह राहिली. एवढ्यावर नाव लिहिणे मात्र घाईचे ठरले असते. एका निगेटिव्ह पेशीवरून तेवढेच प्रतिजन बाद करता येतात जे तिच्यावर, शक्यतो दुहेरी मात्रेत, आहेत. पॅनेल आणि मुदतीतल्या दुसऱ्या लॉटमधून, तसेच फेनोटाइप केलेल्या पिशव्यांच्या सेगमेंटमधून (पिशवीला जोडलेल्या नळीच्या तुकड्यांतून), लहान सी निगेटिव्ह पण जेके-ए पॉझिटिव्ह अशा तीन पेशी आणि दोन्ही निगेटिव्ह अशा तीन पेशी जमवल्या. पहिल्या तिन्ही पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या तिन्ही निगेटिव्ह आल्या. असे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता वीसातील एक असते. तीन-तीनचा नियम म्हणतात तो हाच. बाईंना तीन महिन्यांत रक्त चढलेले नसल्याने त्यांच्या स्वतःच्या पेशी तपासता आल्या आणि त्या लहान सी, मोठा ई (E; पुढेही ई म्हणजे हाच) आणि जेके-ए तिन्हींना निगेटिव्ह निघाल्या.

यात एक फट राहते. पॅनेलमधल्या ई-पॉझिटिव्ह पेशी जवळपास नेहमी लहान सी पॉझिटिव्हही असतात, त्यामुळे अँटी-लहान-सी असताना अँटी-ई बाद करता येत नाही. आर१आर१ रुग्णात ही दोन्ही प्रतिपिंडे जोडीने सापडणे नवलाचे नाही. ती फट शोषण करून बुजवता येते. आम्ही ती पिशवीच्या निवडीने बुजवतो. आपल्या भागातील दात्यांत दहांपैकी सुमारे चार आर१आर१ असतात, आणि अशा पिशवीवर लहान सी नसतो तसा ई ही नसतो. किडचे गणित त्यावर चढवले तर, जेके-ए निगेटिव्ह दाते पाचांत सुमारे एक धरून, शंभर पिशव्यांत आठ जुळतील. म्हणजे दोन पिशव्यांसाठी त्याच गटाच्या सुमारे पंचवीस तपासण्याची तयारी हवी. किडचे अँटिसिरम महाग असल्याने सगळ्या पिशव्या आधी अँटी-लहान-सी ने चाळाव्यात आणि निगेटिव्ह येणाऱ्यांवरच अँटी-जेके-ए खर्च करावे. आम्हाला त्या दिवशी एकविसाव्या पिशवीला दुसरी सापडली.

सगळ्या पेशी ४+, खोलीच्या तापमानालाही ४+, ऑटोकंट्रोल निगेटिव्ह आणि रुग्णाचा गट “ओ” : हे चार एकत्र आले, तर महाराष्ट्रात पहिले नाव बॉम्बे फेनोटाइपचे घ्यावे. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत त्याची पहिली नोंद केली. या व्यक्तींच्या पेशींवर एच प्रतिजनच नसतो, त्यामुळे त्यांचे अँटी-एच ओ गटाच्या प्रत्येक पेशीला, म्हणजेच आपल्या संपूर्ण पॅनेलला, धरते. अँटी-एच लेक्टिन (एच ला धरणारे वनस्पतीपासूनचे अभिकर्मक) लावले की पाच मिनिटांत निकाल लागतो. खरे तर पॅनेलपर्यंत येण्याची गरजच नसते. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशी लावण्याची शिस्त असेल, तर हा माणूस गट लावतानाच सापडतो. त्याला बॉम्बे गटाच्याच दात्याचे रक्त चालते, म्हणून अशा दात्यांची यादी हाताशी असावी.

कधी कधी प्रतिपिंड लाल पेशींविरुद्ध नसतेच. ते असते पॅनेलच्या बाटलीतल्या परिरक्षकाविरुद्ध किंवा प्रतिजैविकाविरुद्ध. खूण अशी, की पॅनेलच्या साऱ्या पेशी पॉझिटिव्ह आणि दात्यांच्या ताज्या पिशव्या मात्र बिनतक्रार कम्पॅटिबल. पॅनेलच्या पेशी सलाइनने तीन वेळा धुऊन पुन्हा लावाव्यात. आमच्याकडे एका रुग्णात याचीच उलटी गंमत झाली : ऑटोकंट्रोल डायल्युएंटमध्ये पॉझिटिव्ह आणि सलाइनमध्ये निगेटिव्ह. दोष डायल्युएंटमधल्या घटकाचा होता आणि दीड दिवस आम्ही ऑटोअँटिबॉडी शोधत बसलो होतो.

एवढे सारे करूनही सगळ्या पेशी सारख्याच जोराने पॉझिटिव्ह आणि ऑटोकंट्रोल निगेटिव्ह राहिला, तर दुर्मीळ फेनोटाइपचा रुग्ण समोर आहे असे मानावे. भारतीयांत इंडियन या रक्तगट प्रणालीतील अँटी-आयएन-बी ची आठवण ठेवावी. तिचा प्रतिजन पपेनने नष्ट होतो, म्हणून पपेनच्या पॅनेलवर सगळे निगेटिव्ह येणे ही उपयोगी खूण आहे. येथून पुढचे काम संदर्भ प्रयोगशाळेचे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये तिची सुरुवातच रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालेला माणूस सकाळी मुंबईत असतो. त्याच्याबरोबर इडीटीए आणि साधी अशा दोन्ही नळ्या, आपल्या पॅनेलच्या तक्त्याची प्रत आणि रक्त, बाळंतपणे व औषधे यांचा इतिहास द्यावा. नळ्या आइसपॅकला थेट टेकू नयेत म्हणून मध्ये कापड गुंडाळावे. त्याच वेळी रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना बोलावून त्यांचे रक्त क्रॉसमॅच करून पाहावे. अशा प्रतिजनाच्या बाबतीत सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारांत एक असते, आणि हे एवढे आपल्याच टेबलावर करता येते.

अहवालात “लीस्ट इनकम्पॅटिबल” हा शब्द मी लिहू देत नाही. क्रॉसमॅचची सर्वांत पुसट प्रतिक्रिया म्हणजे सर्वांत निर्धोक पिशवी, असे नसते. कोणती प्रतिपिंडे बाद केली, कोणती बाद करता आली नाहीत आणि पिशवी कशाच्या आधारावर निवडली, हे तीन वाक्यांत लिहून वॉर्डातील डॉक्टरांशी फोनवर बोलावे. रक्तावाचून जीव जाणार असेल तर रक्त द्यावेच लागते, पण तो निर्णय दोघांनी मिळून घेतलेला आणि लिहिलेला असावा.

मंगळवेढ्याच्या त्या बाईंना डिस्चार्जच्या वेळी आम्ही पोस्टकार्डाएवढे कार्ड दिले होते. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत त्यांचा गट, दोन्ही प्रतिपिंडांची नावे, फेनोटाइप आणि आमचा फोन नंबर होता. दोनेक वर्षांनी परगावच्या एका रक्तपेढीतून फोन आला. बाईंचे दुसरे ऑपरेशन तिथे होते आणि स्क्रीनिंगमध्ये फक्त अँटी-लहान-सी येत होते. किडचे प्रतिपिंड काळाबरोबर चाचणीच्या पातळीखाली गेले होते. त्यांच्या मुलाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्डाबरोबर ठेवलेले ते कार्ड काढून काउंटरवर दिले होते आणि तिकडच्या तंत्रज्ञांचा प्रश्न होता, की जेके-ए आता दिसत नाही तर धरायचे का. धरायचेच, असे सांगितले आणि रजिस्टर उघडून त्यांना १, २ आणि ३ या पेशींच्या ग्रेड वाचून दाखवल्या.